राजे हाकोन यांचा नकार : तटस्थ नॉर्वे महायुद्धात कसा ओढला गेला

९ एप्रिल १९४० रोजी पहाटे जर्मनीने दोन सख्ख्या भावांच्या राज्यांवर एकाच वेळी चढाई केली. थोरले बंधू ख्रिश्चन दहावे हे डेन्मार्कचे राजे होते, तर धाकटे हाकोन सातवे हे नॉर्वेचे. दोन्ही देशांनी दुसऱ्या महायुद्धात तटस्थ राहण्याचे जाहीर केले होते. डेन्मार्कने काही तासांतच शरणागती पत्करली. नॉर्वेने मात्र प्रतिकाराचा मार्ग स्वीकारला आणि पुढील पाच वर्षे तो सोडला नाही. या निर्णयाच्या केंद्रस्थानी एक असा राजा होता, ज्याच्या हाती राज्यघटनेने प्रत्यक्ष सत्ता जवळजवळ ठेवलेलीच नव्हती. तटस्थ राष्ट्र महायुद्धात कसे ओढले जाते आणि त्या घडीला त्याच्या हाती काय उरते, याचे उत्तर राजे हाकोन यांच्या चरित्रात सापडते.

मतदानाने मिळालेला मुकुट

हाकोन यांचा जन्म ३ ऑगस्ट १८७२ रोजी कोपनहेगनजवळील शार्लोटनलुंड येथील राजवाड्यात झाला. त्यांचे मूळ नाव कार्ल. डेन्मार्कच्या राजघराण्यातील ते धाकटे पुत्र असल्यामुळे सिंहासन आपल्या वाट्याला येईल, असे मानण्याचे त्यांना काही कारण नव्हते. त्यांनी नौदलाचे शिक्षण घेतले आणि आरमारी अधिकाऱ्याचा पेशा पत्करला. १८९६ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन युवराज एडवर्ड यांच्या कन्या मॉड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०३ मध्ये या दांपत्याला अलेक्झांडर हा पुत्र झाला. एका नौदल अधिकाऱ्याचे शांत, चाकोरीबद्ध आयुष्य त्यांच्यापुढे होते. १९०५ साली शेजारच्या नॉर्वेतील घडामोडींनी ते पार बदलून टाकले.

नॉर्वे १८१४ पासून स्वीडनशी एका राजछत्राखाली जोडलेला होता. ७ जून १९०५ रोजी नॉर्वेच्या संसदेने, म्हणजे स्टोर्टिंगने, हे बंधन संपुष्टात आल्याचे घोषित केले. ऑगस्टमध्ये झालेल्या जनमत चाचणीत ३ लाख ६८ हजार २०८ मतदारांनी विभक्त होण्याच्या बाजूने कौल दिला. विरोधात पडलेली मते होती अवघी १८४. स्वतंत्र झालेल्या देशाला आता राजा हवा होता. डेन्मार्कच्या राजपुत्राची भाषा नॉर्वेजियनांना परकी नव्हती, पत्नी ब्रिटिश राजकन्या होती आणि गादीला वारसही होता. त्यामुळे कार्ल यांचे नाव पुढे आले. त्यांचे मन वळवण्याच्या प्रयत्नांत ध्रुवीय संशोधक फ्रित्योफ नान्सेन यांचाही सहभाग होता.

कार्ल यांनी मात्र एक अट घातली. नॉर्वेत प्रजासत्ताकाचा आग्रह धरणारे लोक बरेच होते, हे त्यांना ठाऊक होते. संसदेने देऊ केलेला मुकुट परस्पर स्वीकारण्याऐवजी लोकांचा कौल घ्यावा, असे त्यांनी सुचवले. नोव्हेंबरात पुन्हा मतदान झाले. २ लाख ५९ हजार ५६३ मते राजेशाहीच्या बाजूने, तर ६९ हजार २६४ मते विरोधात पडली. त्यानंतरच कार्ल यांनी होकार दिला. मध्ययुगीन नॉर्वेच्या राजांचे हाकोन हे नाव त्यांनी स्वतःसाठी घेतले आणि पुत्राचे नाव ओलाव ठेवले. २५ नोव्हेंबर १९०५ रोजी दोन वर्षांच्या ओलावला कडेवर घेऊन ते राजधानी क्रिस्तियानियामध्ये, म्हणजे आजच्या ओस्लोमध्ये, उतरले. जनतेने मत देऊन बोलावलेला राजा ही जाणीव त्यांच्या पुढील आयुष्यात कधीही पुसली गेली नाही.

तटस्थतेची पहिली परीक्षा

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले. डिसेंबर महिन्यात स्वीडनमधील माल्मो शहरात नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कचे तिन्ही राजे एकत्र आले आणि तिन्ही देशांच्या तटस्थतेचा त्यांनी पुनरुच्चार केला. नॉर्वे अखेरपर्यंत युद्धात उतरला नाही. तरी युद्धाची झळ त्याला चुकली नाही. देशाचे अर्थकारण समुद्रावर अवलंबून होते. कोळसा ब्रिटनकडून येत असे आणि मासळी व तांबे यांना जर्मनीत मोठी मागणी होती. जर्मनीकडे जाणारा हा माल थांबावा म्हणून १९१६ च्या अखेरीस ब्रिटनने नॉर्वेचा कोळसाच रोखून धरला. दुसरीकडे जर्मन पाणबुड्या नॉर्वेची व्यापारी जहाजे बुडवीत होत्या. युद्ध संपले तेव्हा या व्यापारी ताफ्याचा सुमारे निम्मा भाग सागरतळाशी गेला होता आणि सुमारे दोन हजार खलाशांनी प्राण गमावले होते.

तरीही सैन्य लढले नाही, भूमीवर शत्रूचे पाऊल पडले नाही आणि तटस्थता टिकली, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. पुढील दोन दशकांत नॉर्वेने संरक्षणावरील खर्चात मोठी कपात केली. राष्ट्रसंघाची सामूहिक सुरक्षा आणि ब्रिटिश आरमाराचे सान्निध्य यांवर देशाने विसंबून राहणे पसंत केले.

या काळात राजे हाकोन यांनी घटनात्मक मर्यादा काटेकोरपणे पाळल्या. १९२८ मध्ये मजूर पक्षाला सत्तेवर येण्याची पहिली संधी मिळाली, तेव्हा क्रांतिकारी वळणाच्या या पक्षाला सरकार स्थापनेचे निमंत्रण देण्यास अनेक प्रतिष्ठितांचा विरोध होता. राजांनी तो मानला नाही. आपण साम्यवाद्यांचेही राजे आहोत, अशी त्यांची भूमिका होती. ते सरकार तीन आठवडेही टिकले नाही. परंतु कामगारवर्गाच्या मनात राजाविषयी विश्वास निर्माण झाला. १९३५ मध्ये योहान निगार्सवोल यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला. हेच सरकार पुढे राजांसमवेत युद्धाला सामोरे गेले. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये राणी मॉड यांचे निधन झाले आणि उतारवयात राजे एकाकी झाले.

लोहखनिजाचा मार्ग

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले आणि नॉर्वेने पुन्हा तटस्थता जाहीर केली. परंतु या वेळी नॉर्वेचा किनारा दोन्ही पक्षांच्या हिशेबात आला होता. जर्मनीच्या पोलाद उद्योगाला उत्तर स्वीडनमधील खाणींतून लोहखनिज मिळत असे. उन्हाळ्यात ते बाल्टिक समुद्रातून थेट जर्मनीला जाई. हिवाळ्यात बॉथनियाच्या आखातातील बंदरे गोठत, तेव्हा तेच खनिज रेल्वेने नॉर्वेच्या नार्विक बंदरात आणले जाई. समुद्रातील उष्ण प्रवाहामुळे हे बंदर हिवाळ्यातही खुले राहते. तिथून जर्मन जहाजे किनाऱ्यालगतच्या नॉर्वेच्या सागरी हद्दीतून दक्षिणेकडे निघत. तटस्थ देशाच्या हद्दीत असल्यामुळे ब्रिटिश आरमाराला त्यांच्यावर उघडपणे हल्ला करता येत नव्हता.

एकच तटस्थता अशा रीतीने एका पक्षाला ढालीसारखी उपयोगी पडत होती आणि दुसऱ्याला अडसर वाटत होती. रशियाशी झुंजणाऱ्या फिनलंडच्या मदतीसाठी सैन्य धाडायचे आणि वाटेत नार्विक ताब्यात घ्यायचे, असा बेत ब्रिटन आणि फ्रान्स आखत होते. जर्मन नौदलाला नॉर्वेच्या किनाऱ्यावर तळ हवे होते आणि ब्रिटन तिथे आधी पोहोचेल अशी भीतीही होती. १९३९ च्या डिसेंबरमध्ये नॉर्वेचे माजी संरक्षणमंत्री विडकुन क्विसलिंग यांनी बर्लिनमध्ये हिटलरची भेट घेतली. क्विसलिंग यांच्या पक्षाला १९३६ च्या निवडणुकीत दोन टक्केही मते मिळाली नव्हती आणि संसदेत त्यांचा एकही सदस्य नव्हता.

१६ फेब्रुवारी १९४० रोजी परिस्थिती आणखी चिघळली. आल्टमार्क हे जर्मन जहाज सुमारे ३०० ब्रिटिश बंदिवान खलाशांना घेऊन नॉर्वेच्या हद्दीतून चालले होते. ब्रिटिश युद्धनौकेने योसिंगफ्योर्ड या खाडीत शिरून त्यावर चढाई केली आणि खलाशांची सुटका केली. नॉर्वेने निषेध नोंदवला. मात्र आपली हद्द राखण्याचे बळ या देशापाशी नाही, असा निष्कर्ष हिटलरने काढला. १ मार्च रोजी डेन्मार्क आणि नॉर्वेवरील आक्रमणाचा आदेश निघाला.

८ एप्रिल रोजी ब्रिटनने नार्विककडे जाणाऱ्या जलमार्गात पाणसुरुंग पेरल्याचे जाहीर केले. नॉर्वेचे सरकार दिवसभर त्याच्या निषेधात गुंतले होते. त्याच दिवशी रिओ द जानेरो नावाचे जर्मन जहाज दक्षिण किनाऱ्याजवळ एका पोलिश पाणबुडीने बुडवले. गणवेशातील जर्मन सैनिक किनाऱ्यावर आणले गेले आणि आपण बर्गनच्या मदतीला निघालो होतो, असे ते सांगू लागले. हा इशारा पुरेसा स्पष्ट होता; तरी ओस्लोमध्ये त्याचा अर्थ वेळेत लावला गेला नाही. त्या वेळी जर्मन आरमार नॉर्वेच्या वाटेवर होते.

ओस्लोच्या खाडीतील पहाट

९ एप्रिलच्या पहाटे ब्ल्यूखर ही नवी जर्मन युद्धनौका ओस्लोच्या खाडीत शिरली. राजधानी, सरकार आणि राजा यांना एकाच झटक्यात ताब्यात घेण्यासाठी निघालेले सैन्य तिच्यावर होते. ड्रोबाकच्या अरुंद सामुद्रधुनीत ऑस्कर्सबोर्ग हा जुना किल्ला होता. तिथल्या अवजड तोफा एकोणिसाव्या शतकातील होत्या. किल्ल्याचे प्रमुख कर्नल बिर्गर एरिक्सन यांना वरून कोणताही स्पष्ट आदेश मिळाला नव्हता. समोरून येणारे जहाज नेमके कोणाचे, याचीही त्यांना पक्की खात्री नव्हती. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर मारा करण्याचा हुकूम दिला. तोफगोळे आणि पाणतीर यांच्या आघाताने ब्ल्यूखर बुडाली.

या घटनेमुळे जर्मनीचे वेळापत्रक काही तासांनी कोलमडले आणि तेवढे तास पुरेसे ठरले. जर्मन राजदूत कुर्ट ब्रॉयर यांनी पहाटेच परराष्ट्रमंत्री हाल्व्हदान कोट यांच्याकडे शरणागतीचा खलिता दिला होता. मंत्रिमंडळाने तो फेटाळला. सकाळी साडेसातच्या आतच राजे, युवराज ओलाव व त्यांचे कुटुंब, मंत्री आणि संसद सदस्य यांना घेऊन विशेष रेल्वेगाडी उत्तरेकडे निघाली. नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेतील सुमारे ५० टन सोने मालमोटारींतून बाहेर काढण्यात आले. दुपारपर्यंत ओस्लो जर्मनांच्या हाती पडले. मात्र त्यांना हवा असलेला राजा तिथे नव्हता.

संसद प्रथम हामार येथे आणि नंतर एल्व्हेरुम येथे भरली. पुन्हा अधिवेशन भरवता येईपर्यंत देशाचा कारभार पाहण्याचे सर्वाधिकार तिने सरकारला दिले. त्याच संध्याकाळी क्विसलिंग यांनी ओस्लो नभोवाणीवरून आपण पंतप्रधान झाल्याची घोषणा केली. रात्री राजांना पकडण्यासाठी जर्मन सैनिकांची एक तुकडी एल्व्हेरुमच्या दिशेने निघाली. मिदस्कोगेन येथील शेतवाडीपाशी नॉर्वेच्या शिपायांनी आणि घाईघाईने जमलेल्या स्वयंसेवकांनी तिला रोखले.

निबर्गसुंदची बैठक

१० एप्रिल रोजी ब्रॉयर स्वतः एल्व्हेरुमला आले. क्विसलिंग यांना पंतप्रधान नेमावे आणि प्रतिकार थांबवावा, अशी त्यांची मागणी होती. डेन्मार्कच्या राजांनी जे स्वीकारले तेच नॉर्वेच्या राजांनीही स्वीकारावे, असा त्यांचा रोख होता. राजांनी तिथल्या तिथे उत्तर देण्याचे नाकारले. घटनेनुसार आपल्याला मंत्रिमंडळाचा सल्ला घ्यावा लागतो, असे त्यांनी सांगितले आणि ते बर्फाळ रस्त्याने स्वीडनच्या सीमेजवळील निबर्गसुंद या छोट्या गावाकडे निघाले.

निबर्गसुंदच्या बैठकीत ६७ वर्षांच्या राजांनी आपले मन मंत्र्यांपुढे मोकळे केले. मागणी नाकारल्यास देशावर जे संकट कोसळेल त्याचा भार त्यांना जाणवत होता. किती तरुणांचा बळी जाईल, याची कल्पना त्यांना होती. निर्णय सरकारनेच घ्यायचा आहे आणि सरकारला आपल्या मतामुळे बांधल्यासारखे वाटू नये, हेही त्यांनी स्पष्ट केले. परंतु ज्याच्यावर जनतेचा विश्वास नाही आणि संसदेचाही नाही, अशा व्यक्तीला पंतप्रधान नेमणे आपल्याला शक्य नाही, असे त्यांनी सांगितले. सरकारने मागणी मान्य करायचे ठरवलेच, तर आपण स्वतः आणि आपले घराणे सिंहासनाचा त्याग करू, एवढाच पर्याय त्यांनी आपल्यासाठी ठेवला.

राजांनी सरकारला आज्ञा केली नाही. तो अधिकार त्यांना नव्हता. त्यांनी केवळ स्वतःची मर्यादा सांगितली. १९०५ मध्ये लोकांच्या मतावर घेतलेला मुकुट लोकांच्या मताविरुद्ध वापरायचा नाही, हा त्यामागचा विचार होता. मंत्रिमंडळ एकमताने त्यांच्या पाठीशी उभे राहिले. संध्याकाळी नकार दूरध्वनीवरून ब्रॉयर यांना कळवण्यात आला. आक्रमण आदल्या दिवशीच झाले होते. आता नॉर्वेने युद्धाचा स्वतःहून स्वीकार केला.

उत्तर लगेच आले. ११ एप्रिल रोजी जर्मन विमानांनी एल्व्हेरुम बेचिराख केले आणि निबर्गसुंदवरही बॉम्बवर्षाव केला. राजे, युवराज आणि मंत्री यांनी गुडघाभर बर्फातून जवळच्या रानात आसरा घेतला. पुढील काही आठवडे हा लहानसा काफिला खोऱ्याखोऱ्यांतून पश्चिमेकडे सरकत राहिला. याच प्रवासात, २२ एप्रिल रोजी, सरकारने नॉर्वेचा परदेशी पाण्यातील सारा व्यापारी ताफा ताब्यात घेण्याचा अध्यादेश काढला. मोल्दे येथून ब्रिटिश युद्धनौकेने राजांना उत्तरेतील ट्रोम्सो शहरात नेले. नॉर्वेच्या मदतीला आलेले ब्रिटिश व फ्रेंच सैन्य फ्रान्समधील पराभवामुळे माघारी जाऊ लागले, तेव्हा देश सोडण्यावाचून मार्ग उरला नाही. ७ जून १९४० रोजी, स्वीडनशी संबंध तोडल्याच्या पस्तिसाव्या स्मृतिदिनी, राजे आणि सरकार ब्रिटनकडे निघाले. सुमारे दोन महिन्यांची लढाई १० जून रोजी थांबली.

परागंदा राजा, मनात वसलेली खूण

लंडनमध्ये पोहोचताच आणखी एक कसोटी समोर आली. जर्मनीच्या दबावाखाली ओस्लोमधील संसदेच्या अध्यक्षमंडळाने राजांना पदत्याग करण्याची विनंती केली. ही विनंती खुद्द लोकप्रतिनिधींकडून आली होती. त्यामुळे पेच अधिक अवघड होता. ३ जुलै रोजी राजांनी तीही नाकारली. परकीय सैन्याच्या धाकाखाली घेतलेला निर्णय हा जनतेचा मुक्त निर्णय मानता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये संसदेतील अनेक सदस्य तडजोडीला अनुकूल झाले होते. जर्मनीच्या वाढत्या मागण्यांमुळे बोलणी फिसकटली. प्रतिकाराची परंपरा पुढे अभिमानाने सांगितली गेली, तरी १९४० च्या उन्हाळ्यात ती अशी दोलायमान होती.

युवराज्ञी मार्था आपल्या तीन मुलांसह प्रथम स्वीडनला आणि नंतर अमेरिकेला गेल्या. राजे आणि युवराज लंडनमध्येच राहिले. बीबीसीवरून राजे देशवासीयांना उद्देशून बोलत. जर्मनांनी रेडिओ संच जप्त केल्यानंतरही लोक ती भाषणे चोरून ऐकत. राजांच्या नावातील हाकोनचे आद्याक्षर आणि सातचा अंक गुंफलेले चिन्ह घरांच्या भिंतींवर, बर्फावर, रस्त्यांवर उमटू लागले. ३ ऑगस्ट १९४२ रोजी राजांच्या सत्तराव्या वाढदिवशी अनेकांनी कोटाला फूल लावले आणि त्यासाठी अटकही सोसली.

नॉर्वेचे सर्वांत मोठे युद्धयोगदान समुद्रावर होते. एक हजाराहून अधिक जहाजे आणि सुमारे तीस हजार खलाशी यांचा व्यापारी ताफा दोस्त राष्ट्रांसाठी तेल, धान्य आणि शस्त्रे वाहत राहिला. या ताफ्यातील तीन हजारांहून अधिक माणसे परतली नाहीत. युद्धात नॉर्वेच्या सुमारे दहा हजार नागरिकांचा अंत झाला. देशातून पाठवल्या गेलेल्या ७०० हून अधिक ज्यूंपैकी फारच थोडे जिवंत राहिले आणि त्यांच्या धरपकडीत नॉर्वेच्या पोलिसांचाही हात होता. प्रतिकाराच्या गौरवगाथेला ही काळी किनार आहे.

पुनरागमन

८ मे १९४५ रोजी नॉर्वे मुक्त झाला. ७ जून रोजी, देश सोडल्यास बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, राजे ब्रिटिश युद्धनौकेतून ओस्लोला परतले. क्विसलिंग यांच्यावर खटला चालला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांचे आडनाव इंग्रजीसह अनेक भाषांत देशद्रोह्याचा पर्यायी शब्द बनले.

युद्धानंतर नॉर्वेने तटस्थतेचा मार्ग सोडला. परागंदा सरकारचे परराष्ट्रमंत्री ट्रिग्वे ली १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे पहिले सरचिटणीस झाले आणि १९४९ मध्ये नॉर्वे नाटोचा संस्थापक सदस्य बनला. स्वतःची हद्द राखण्याची ताकद नसेल, तर तटस्थता इतरांच्या सोयीपुरतीच टिकते, हा धडा देशाने मोठी किंमत मोजून घेतला होता.

१९५५ मध्ये पडल्यामुळे राजांच्या मांडीचे हाड मोडले आणि उर्वरित काळ त्यांना चाकांच्या खुर्चीत काढावा लागला. २१ सप्टेंबर १९५७ रोजी वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांनी अखेरचा श्वास घेतला. ओस्लोतील आकेर्सहुस किल्ल्यात राणी मॉड यांच्या शेजारी ते चिरविश्रांती घेत आहेत.

डेन्मार्कचे राजे ख्रिश्चन यांच्या निर्णयाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. डेन्मार्कची भूमी सपाट, सीमा जर्मनीला भिडलेली आणि सैन्य तुटपुंजे होते. नॉर्वेला डोंगर, अंतर आणि ऑस्कर्सबोर्गच्या तोफांनी मिळवून दिलेले काही तास लाभले. त्या तासांचे काय करायचे, हे मात्र माणसांनाच ठरवायचे होते. युद्ध टाळणे नॉर्वेच्या हाती राहिले नव्हते. त्या युद्धाला कोणाच्या नावाने आणि कोणाच्या संमतीने सामोरे जायचे, एवढे उरले होते. पस्तीस वर्षांपूर्वी मुकुट घेण्याआधी लोकांचे मत विचारणाऱ्या राजाने त्या दिवशीही तेच मत प्रमाण मानले.